डिस्चार्ज बुकात पदक चढलेले नाही? नोंद दुरुस्त करून घेण्याची वाट

१९७१ च्या डिसेंबरात पूर्व आघाडीवर असलेल्या जवानाचे डिस्चार्ज बुक, म्हणजे फौज सोडताना मिळणारे सेवेच्या नोंदींचे पुस्तक, उघडावे आणि पदकांच्या रकान्यात फक्त नऊ वर्षांच्या सेवेचे मेडल आणि स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचे मेडल दिसावे, असे होते. 'पूर्वी स्टार' हे पूर्व आघाडीचे पदक नाही, 'संग्राम मेडल'ही नाही. सातारा, सांगली, कोल्हापूर, नगरकडच्या गावांत जिथे घरटी एकजण पलटणीत गेलेला असतो, तिथे अशी पुस्तके निघतातच. म्हातारे फौजी त्याबद्दल बोलत नाहीत. मुलांना, नातवंडांना वाटते, आता पन्नास वर्षांनी काय होणार? पुष्कळदा होते. आपण सरकारकडे नवे काही मागत नसतो. घडलेली सेवा कागदावर यायची राहिली, ती आणून घ्यायची असते. अर्ज लिहिताना हा फरक मनात पक्का ठेवा, भाषा आपोआप सरळ होते.

पहिल्यांदाच या कामात पडणाऱ्या माजी सैनिकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहीत आहे. मुख्यतः स्थलसेनेतील जवान आणि जेसीओ (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर, म्हणजे सुभेदार वगैरे) डोळ्यांसमोर आहेत. नौदल आणि हवाई दलाचा पत्ता वेगळा, रीत साधारण तीच.

नोंद राहते कुठे

पलटणीत कोणी पदकाला पात्र ठरला की युनिट तशी पार्ट टू ऑर्डर, म्हणजे जवानाच्या सेवेतील घडामोड नोंदवणारा लेखी आदेश, काढते. ती रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात जाते. तिथला क्लार्क ती जवानाच्या शीट रोलवर, म्हणजे त्याच्या सेवेच्या मूळ नोंदपत्रकावर, चढवतो. जवान घरी येताना त्या शीट रोलवरून डिस्चार्ज बुक भरले जाते. म्हणजे तुमच्या हातातले पुस्तक ही साखळीतली शेवटची कडी आहे. पदक त्यात दिसत नसेल, तर मागच्या कोणत्या टप्प्यावर ते गळले हे शोधणे हेच खरे काम.

गळण्याची कारणे ठरलेली आहेत. युद्धाची पदके युद्ध संपल्यावर जाहीर होतात, त्यांचे दावे त्यानंतर भरले जातात. त्या काळात जवान दुसऱ्या युनिटात बदलून गेला, तर जुनी पलटण म्हणते तो आता आमच्याकडे नाही आणि नवी म्हणते तो आमच्याबरोबर लढला नाही. जखमी होऊन इस्पितळात असलेला, दुसऱ्या पलटणीला अटॅचमेंटवर, म्हणजे तात्पुरता जोडून, गेलेला, लगेच पेन्शनवर आलेला, असे सगळे या फटीतून निसटतात. कधी पार्ट टू ऑर्डर निघालेली असते, पण नंबरातला एक आकडा चुकून दुसऱ्याच्याच कागदावर चढते. आणि कधी शीट रोलवर सगळे नीट असते, फक्त डिस्चार्ज बुकात उतरवताना राहून गेलेले असते. हा शेवटचा प्रकार सर्वांत सोपा. म्हणून आधी शीट रोल पाहायला मागा, मग दावा लिहा. बरेच लोक उलटे करतात. थेट 'पदक द्या' म्हणून अर्ज करतात, तो 'नोंद आढळत नाही' असा शेरा मारून परत येतो आणि माणूस खचतो.

कोणते पदक लागू होते ते आधी ठरवा

सरसकट 'सगळी मेडल मिळावीत' असा अर्ज टिकत नाही. पदकाचे नाव, आघाडी आणि काळ लिहावा लागतो.

१९६५ साठी दोन पदके आहेत. प्रत्यक्ष रणक्षेत्रात असणाऱ्यांना समर सेवा स्टार, आणि त्या काळात सेवेत असणाऱ्या बाकीच्यांनाही मिळू शकणारे रक्षा मेडल. १९७१ साठी पूर्वेकडच्या कारवाईला पूर्वी स्टार, पश्चिमेकडच्या कारवाईला पश्चिमी स्टार, आणि ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२ या काळात ठरवून दिलेल्या प्रदेशांत सेवेत असणाऱ्यांसाठी संग्राम मेडल. यातले एक मिळाले म्हणून दुसरे आपोआप बाद होत नाही. १ मराठा, म्हणजे जंगी पलटण, डिसेंबर १९७१ मध्ये जमालपूरच्या लढाईत होती. २ पॅरा ही मूळची मराठा पलटण ११ डिसेंबरला टांगाइलला हवाई छत्रीने उतरली. या पलटणींबरोबर तेव्हा प्रत्यक्ष असलेल्या जवानाच्या पुस्तकात पूर्वी स्टार नसेल, तर चौकशी करायलाच हवी.

त्याआधीच्या कारवायांसाठी जनरल सर्व्हिस मेडल आहे. त्यावर पट्टी असते, तिला क्लास्प म्हणतात: जम्मू-काश्मीर, नागा हिल्स, गोवा १९६१, लडाख १९६२, नेफा (आजचा अरुणाचल प्रदेश) १९६२ वगैरे. गोवामुक्तीच्या कारवाईत गेलेल्यांनी आणि १९६२ ला चीनच्या सीमेवर असलेल्यांनी आपल्या नोंदीत हे मेडल आणि योग्य क्लास्प आहे का ते पाहावे. एकाच मेडलच्या दोन कारवाया झाल्या असतील तर दुसरे मेडल मिळत नाही, आधीच्यावरच दुसरा क्लास्प चढतो. अर्जात 'मेडल राहिले' आणि 'क्लास्प राहिला' या दोन्हींत गल्लत करू नका. रेकॉर्ड ऑफिसात मेडल आधीच दिल्याचे दिसले की अर्ज तिथेच बंद होतो.

युद्ध न पाहता लाभणारी पदकेही आहेत आणि तीच सर्वांत जास्त राहून जातात. कठीण हवामानाच्या भागातील सेवेसाठी सैन्य सेवा मेडल, ९,००० फुटांवरच्या तैनातीसाठी हाय अल्टिट्यूड मेडल, सियाचीनसाठी स्वतंत्र मेडल, परदेशातील तैनातीसाठी विदेश सेवा मेडल. १५ ऑगस्ट १९७२ ला सेवेत असणाऱ्यांना पंचविसाव्या आणि १५ ऑगस्ट १९९७ ला असणाऱ्यांना पन्नासाव्या स्वातंत्र्यवर्षाचे मेडल. नऊ, वीस आणि तीस वर्षांच्या सेवेची तीन वेगळी मेडल आहेत. कारगिलच्या वेळी ऑपरेशन विजय स्टार आणि ऑपरेशन विजय मेडल अशी दोन निघाली. स्टार त्या रणक्षेत्रात असणाऱ्यांना, मेडल त्याबाहेरच्यांनाही. कारगिलच्या फौजींचे दावे अजून ताजे आहेत, साक्षीदारही सगळे पन्नाशी-साठीतले. त्यांनी अजिबात वेळ घालवू नये.

शत्रूच्या थेट कारवाईत जखम झाली असेल तर पराक्रम पदक लागू होते. पूर्वी त्याला वूंड मेडल म्हणत. त्यासाठी बॅटल कॅज्युअल्टी (लढाईत जखमी) म्हणून नोंद आणि इस्पितळाचे कागद लागतात. हा दावा पेन्शनच्या प्रकारालाही जाऊन भिडू शकतो, म्हणून तो बाकीच्या पदकांत मिसळू नका, स्वतंत्र अर्जाने चालवा.

दोन प्रकारची पदके या वाटेने मिळत नाहीत. वीर चक्र, सेना मेडल यांसारखे शौर्य पुरस्कार भारताच्या राजपत्रात जाहीर होतात. राजपत्रात नाव असेल आणि पुस्तकात नसेल, तर राजपत्राची प्रत लावा, काम होईल. नाव राजपत्रातच नसेल, तर 'साहेबांनी शिफारस केली होती' या आठवणीवर नोंद चढत नाही. दुसरा प्रकार मेरिटोरियस सर्व्हिस आणि लाँग सर्व्हिस अँड गुड कंडक्ट या मेडलांचा. ती निवडीने दिली जातात. वर्षे भरली म्हणून हक्क उभा राहत नाही.

घरात कागद शोधा, आणि माणसाला बोलते करा

डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), जुने ओळखपत्र, रजेचे पास, घरी आलेली पत्रे, पलटणीचे ग्रुप फोटो, इस्पितळाचे कागद, हे सगळे एकत्र करा. फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का असलेले पाकीट फेकू नका. त्यावरच्या तारखेने माणूस तेव्हा फील्डमध्ये होता हे कळते. डिस्चार्ज बुकाचे प्रत्येक पान स्कॅन करा, कोरे दिसणारेही. पुसट शिक्के मोबाइलवर मोठे करून वाचता येतात.

वडील, आजोबा हयात असतील तर आधी त्यांच्याजवळ बसा. माझ्या मते साऱ्या कागदांहून हे महत्त्वाचे आहे. तारीख विचारलीत तर ते 'आठवत नाही' म्हणतील. कंपनी कोणती, कंपनी कमांडर कोण, गाडीने कुठपर्यंत गेलात, नदी कोणती ओलांडली, थंडी होती की पाऊस, बरोबर गावाकडचे कोण होते, असे विचारा. त्यांच्या उत्तरांतून बटालियन, ब्रिगेड, ठिकाण आणि महिना निघतो. ते मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि नंतर एका पानावर क्रमाने लिहून काढा: भरती कधी आणि कुठे, ट्रेनिंग, प्रत्येक पोस्टिंग, प्रत्येक अटॅचमेंट, रजा, इस्पितळ, डिस्चार्ज. रेकॉर्ड ऑफिसला नेमके हेच पान लागते. बरोबरच्या कोणाला ते पदक मिळाले असेल, तर त्याच्या परवानगीने त्याच्या डिस्चार्ज बुकाच्या त्या पानाची झेरॉक्स घ्या. एकाच कंपनीतल्या दोघांपैकी एकाला स्टार आणि दुसऱ्याला नाही, हे दाखवता आले की अर्जाला वजन येते.

नावाची अडचण मराठी माणसाला हमखास येते. भरतीच्या वेळी कोणी नाव आणि आडनाव लावले, कोणी नाव आणि वडिलांचे नाव, कोणाचे आडनाव आधी आले. इंग्रजी स्पेलिंग क्लार्कने जसे ऐकले तसे झाले. आधारवर एक, पीपीओवर दुसरे, शीट रोलवर तिसरे. अर्जात नाव नेहमी लष्करी कागदावर आहे तसेच लिहा आणि आर्मी नंबर प्रत्येक पानावर टाका. फौजेत माणूस नंबरावरून सापडतो. नावात मोठा फरक असेल तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडा.

अर्ज कोणाकडे

जवान आणि जेसीओंची कागदपत्रे त्यांच्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागरला, बॉम्बे सॅपर्सचे पुण्याजवळ खडकीला, तोफखान्याचे नाशिक रोड कॅम्पला, रणगाडा दलाचे नगरला, ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे नागपूरजवळ कामठीला, सिग्नल्सचे जबलपूरला, ईएमईचे (इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स) सिकंदराबादला. नौसैनिकांसाठी मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पमधील ब्यूरो ऑफ सेलर्स, हवाई सैनिकांसाठी दिल्लीतील सुब्रतो पार्क येथील एअर फोर्स रेकॉर्ड ऑफिस. अधिकाऱ्यांची कागदपत्रे रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात नसतात. ती दिल्लीत सेना मुख्यालयाच्या ॲडजुटंट जनरल शाखेकडे असतात. पेन्शननंतर डीएससीत (डिफेन्स सिक्युरिटी कोअर) पुन्हा नोकरी केली असेल तर मूळ रेजिमेंट आणि डीएससी या दोन्ही रेकॉर्ड ऑफिसांना विचारा.

'स्पर्श' पोर्टलवर ही तक्रार टाकू नका. ते पेन्शनपुरते आहे, पदकांच्या नोंदी तिथून दुरुस्त होत नाहीत.

अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवा. महाराष्ट्रात प्रत्येक जिल्ह्याला बहुधा हे कार्यालय असतेच, आणि त्यांच्या वर पुण्याचा सैनिक कल्याण विभाग आहे. तिथले कल्याण संघटक स्वतः माजी सैनिक असतात, त्यांना ही भाषा कळते. झेरॉक्सवर साक्षांकन तिथेच करून घ्या. त्यांनी आपल्या पत्रासोबत पुढे पाठवलेला अर्ज आणि तुम्ही थेट स्पीड पोस्टने पाठवलेली प्रत, दोन्ही असू द्या. थेट प्रतीची पावती आणि पोहोच जपून ठेवा. पुढे सशस्त्र दल लवादाकडे जायची वेळ आली तर दिवस तिथून मोजले जातात.

अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत करा. सागर किंवा जबलपूरला मराठी वाचणारा टेबलावर असेलच असे नाही. मजकूर एक पानाच्या पुढे नेऊ नका. साधारण असा:

'प्रति, ऑफिसर-इन-चार्ज, रेकॉर्ड्स. विषय: सेवा अभिलेखातील पदकाची नोंद. मी आर्मी क्रमांक …, हुद्दा …, नाव …, … बटालियनच्या … कंपनीत … ते … या काळात होतो. या काळात बटालियन … भागात कारवाईत होती. या सेवेसाठी … मेडल लागू होते असे माझे म्हणणे आहे. माझ्या डिस्चार्ज बुकात त्याची नोंद नाही. कृपया माझा शीट रोल आणि संबंधित पार्ट टू ऑर्डर तपासून (१) नोंद असल्यास डिस्चार्ज बुकात ती करून द्यावी आणि पदक दिले नसल्यास द्यावे, (२) नोंद नसल्यास पात्रता तपासून आवश्यक पार्ट टू ऑर्डर काढावी, (३) अपात्र असल्यास लागू नियमासह लेखी कारण कळवावे.'

तिसरा मुद्दा कधीही गाळू नका. 'आपला अर्ज विचारात घेता येत नाही' या एका ओळीवर पुढे काही करता येत नाही. कारण लेखी आले की त्याला उत्तर देता येते. मूळ डिस्चार्ज बुक पोस्टाने पाठवू नका. त्यांनी नोंद चढवायला मागितले तर शक्यतो स्वतः जा, नाहीतर सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पोहोच घेऊन द्या.

जवान हयात नसेल तर पत्नी किंवा वारस अर्ज करू शकतात. मृत्यू दाखला, कुटुंब निवृत्तिवेतनाचा पीपीओ आणि नात्याचा पुरावा लागतो. आईच्या नावाने पेन्शन सुरू असेल तर अर्ज आईच्या सहीनेच करा, मुलाच्या नाही. रेकॉर्ड ऑफिसात तिचे नाव आधीच असते, ओळख पटवण्याचा अर्धा वेळ वाचतो.

उत्तर नाही आले तर

दोन-तीन महिने वाट पाहून स्मरणपत्र द्या. त्यानंतर माहितीचा अधिकार. २००५ चा हा कायदा रेकॉर्ड ऑफिसांनाही लागू आहे. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील. केंद्र सरकारच्या आरटीआय ऑनलाइन संकेतस्थळावरूनही अर्ज होतो. इथे 'मला पदक का दिले नाही' असा प्रश्न विचारू नका. या कायद्यात असलेले कागद मिळतात, खुलासे मिळत नाहीत. शीट रोलची साक्षांकित प्रत, अमुक वर्षातील माझ्या नावे निघालेल्या पार्ट टू ऑर्डरच्या प्रती, पदक वितरणाच्या नोंदीचा उतारा आणि माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर झालेल्या कारवाईचे शेरे, असे नेमके मागा. मृत जवानाची माहिती मागताना वारस असल्याचा पुरावा जोडलाच पाहिजे, नाहीतर वैयक्तिक माहिती म्हणून नकार येतो.

'रेकॉर्ड नष्ट केले आहे' हे उत्तर सर्वांत जड जाते. नियमाने पेन्शन नसलेल्या जवानांची कागदपत्रे २५ वर्षांपर्यंतच ठेवतात. पेन्शनरांची त्याहून बरीच जास्त काळ राहतात. पण शीट रोल गेला तरी लाँग रोल नावाची नोंदवही कायमची ठेवली जाते. तिच्या उताऱ्याची मागणी करा. त्यात भरती, डिस्चार्ज अशी मोजकी माहिती असते. तिच्या जोडीला तुमचे डिस्चार्ज बुक, सोबत्याच्या पुस्तकाची प्रत आणि पोस्टाच्या शिक्क्यांची पाकिटे उभी राहतात. अशा दाव्यात यश मिळेलच असे मी म्हणणार नाही. पण 'नष्ट झाले' या शब्दावर थांबून घरी बसणे बरोबर नाही, कारण कागद सांभाळणे ही जवानाची जबाबदारी कधीच नव्हती.

लेखी नकार आल्यावर सशस्त्र दल लवादाचे दार असते. २००७ च्या कायद्याने तो स्थापन झाला. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी मुंबईचे खंडपीठ आहे. आधी खात्याकडे दाद मागितलेली असावी लागते. अंतिम नकारापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो. खात्याने सहा महिने उत्तरच दिले नाही, तरी त्यानंतरच्या सहा महिन्यांत जाता येते. उशीर झाला असेल तर तो माफ करावा म्हणून कारणांसह स्वतंत्र विनंती जोडतात. फक्त एका सेवा मेडलसाठी मी कोणालाही आधी वकिलाकडे पाठवत नाही. बहुतेक कामे रेकॉर्ड ऑफिसातच व्हायला हवीत. पराक्रम पदकासारखा, पेन्शनशी जोडलेला दावा असेल तर मात्र लष्करी सेवेची प्रकरणे चालवणाऱ्या वकिलाला लवकर भेटा.

'दिल्लीत ओळख आहे, मेडल काढून देतो' म्हणणाऱ्याला दारात उभे करू नका. या कामाला पोस्ट, झेरॉक्स आणि प्रतिज्ञापत्र सोडून खर्च नाही.

नोंद झाली, पण धातूचे पदक लवकर हाती येत नाही, असेही घडते. सेवेतल्या जवानांनाही पदकांसाठी थांबावे लागलेले आहे, आणि छावणीच्या बाजारात मिळणारी प्रतिकृती लावून अनेकांनी परेड केल्या आहेत. नोंद झालेली असेल तर १५ ऑगस्टला प्रतिकृती लावायला मला काही गैर वाटत नाही. नोंद नसताना मात्र लावू नये. गावात एखाद्याने विचारले तर त्या म्हाताऱ्या माणसाची मान खाली जाईल.

खरे पदक आले की त्याची कड पाहा. भारतीय पदकांवर नंबर, हुद्दा आणि नाव कडेवर कोरलेले असते. त्यात चूक असेल तर लगेच कळवा. पुस्तकातल्या नोंदीवर पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक, तारीख, सही आणि शिक्का आहे ना ते बघा. नोंद झालेल्या पानाची साक्षांकित प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या तुमच्या फाइलला लावायला द्या, एक पीपीओबरोबर घरी ठेवा. आणि त्या सोबत्यालाही, ज्याने आपल्या पुस्तकाची झेरॉक्स दिली होती, फोन करून सांगा. त्याच्या ओळखीत आणखी कोणाचे तरी राहिलेले असते.